एकच कादंबरी दोनदा वाचू या: गोष्ट सांगणारा कुठे उभा आहे?

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी,

थंडी पडली की आपल्याकडे बेळगाव भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, बेळगुंदी अशी गावोगावची साहित्य संमेलनं सुरू होतात. ग्रंथदिंडी निघते, कविसंमेलन रंगतं, कथाकथनाला तर मांडवात बसायला जागा मिळत नाही. सीमाभागात लिहिणाऱ्यांची वाण नाही, हे मी त्या मांडवांतच बसून पाहिलेलं आहे. पण कवितेला आणि कथाकथनाला मंच असतो, समोर माणसं असतात. कादंबरीला तसलं काही नसतं. ती एकट्यानं, महिनोन्‌महिने, कुणाची दाद न मिळता लिहायची असते. म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणांची कादंबरी तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात अडकून पडलेली आहे. इथेच अनेकांनी तसं लिहिलंय.

लेखनाच्या कार्यशाळा लांबच्या शहरांत होतात. आपल्या हाताशी वाचनालय आहे. तर माझं म्हणणं असं: एक कादंबरी घ्यायची, ती एकदा गोष्टीसाठी वाचायची आणि लगेच दुसऱ्यांदा फक्त एका प्रश्नासाठी वाचायची. सांगणारा कुठे उभा आहे? त्याला काय माहीत आहे, काय नाही, आणि जे माहीत नाही ते त्याला कुणाकडून, कोणत्या वेळी कळतं? पेन्सिल हातात ठेवायची. जिथे निवेदकाला नवीन काही कळलं तिथे समासात खूण करायची (पुस्तक वाचनालयाचं असेल तर वहीत पान नंबर लिहा, पुस्तकात नको).

मी सुरुवातीला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेतली. 1955 सालची, आकारानं लहान, भाषा साधी, बहुतेकांनी वाचलेली. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर नेमणूक झालेला तरणा मास्तर ही गोष्ट स्वतः सांगतो.

आता हे बघा. माडगूळकर माणदेशातलेच. धनगर, रामोशी, मेंढरं, दुष्काळ, सगळं त्यांना आतून ठाऊक. त्यांनी ठरवलं असतं तर पहिल्याच पानापासून वाडीची सगळी माहिती देता आली असती. पण त्यांनी सांगायला निवडला तो ह्या वाडीत पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस. त्या एका निवडीनं किती कामं झाली बघा. मास्तराला काहीच माहीत नाही, म्हणून वाचकाला माहिती द्यायला वेगळा परिच्छेद लागत नाही. शाळा आहे पण पोरं मेंढरांमागे, म्हणून त्याला कारभाऱ्याकडे जावंच लागतं, आणि तो गेला की आपणही गेलो. आनंदा रामोशी चोऱ्या करतो हे वाडीला जुनं आहे, मास्तराला नवं. आयबूला शाळेचा लळा लागतो तो हळूहळू. प्रत्येक माणूस मास्तराच्या ओळखीत येतो त्याच वेगानं आपल्या ओळखीत येतो.

आणि अजून एक गोष्ट, जी मला दुसऱ्या वाचनात दिसली. मास्तराला जे कळतं ते त्याच्यावर बसलेल्या विश्वासाच्या मापानंच कळतं. आधी लोक परक्याशी बोलावं तसं बोलतात, मग गाऱ्हाणी सांगतात, मग घरातलं सांगतात. म्हणजे माहिती कळणं हाच कथेचा चढ आहे. दुष्काळ पडून माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडत जाते, तोपर्यंत मास्तर परका राहिलेला नसतो. ह्याच गोष्टी पहिल्या प्रकरणात सांगून टाकल्या असत्या तर शेवट इतका लागला नसता.

तुम्हीही एखादी कादंबरी ह्याच प्रश्नानं वाचा आणि काय सापडलं ते इथे लिहा. स्वतःचं लिखाण अडलं असेल तर त्यातला एखादा परिच्छेदही टाका.

निपाणीकर

ताई, उत्तम धागा. मी 'मृत्युंजय' घेऊन बसलो, कारण शिवाजी सावंत आजऱ्याचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. 1967 ची कादंबरी. तुमचा प्रश्न लावून बघितला तर गंमत अशी की इथे सांगणारा एक नाही. नऊ भाग, आणि सहा जण सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, बायको वृषाली आणि शेवटी श्रीकृष्ण. कर्णाच्या जन्माचं गुपित वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असतं. कुंतीला ठाऊक. कर्णाला नाही. त्यामुळे तो साध्या वाक्यात राधामातेबद्दल बोलला तरी आपल्याला चटका बसतो.

माझा प्रश्न असा: मी तंबाखूच्या वखारीवर कादंबरी लिहितोय. वखारीत काम करणाऱ्या बाया, मुकादम, शेतकरी, व्यापारी. प्रत्येकाला एकेक भाग दिला तर चालेल का?

मार्कंडेयकाठ

दादा, श्रीकृष्ण शेवटी का, ह्याचा विचार केलात का? कर्णाची गोष्ट कर्णानंच सांगायची तर त्याचा मृत्यू कोण सांगणार? तिथे सावंतांना दुसरा निवेदक लागणारच होता, आणि त्यांनी तो असा निवडला की ज्याला सगळं ठाऊक आहे. सगळं ठाऊक असलेला माणूस अगदी शेवटी बोलतो. तोच पहिल्या भागात बोलला असता तर पुढच्यांना सांगायला काय उरलं असतं?

तुमच्या वखारीबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. चार निवेदक तेव्हाच घ्या जेव्हा चौघांना चार वेगळ्या गोष्टी माहीत असतील आणि त्या एकमेकांपासून लपवाव्या लागत असतील. वजनात मारलं जातंय हे मुकादमाला माहीत, बायांना फक्त संशय, शेतकऱ्याला पत्ताच नाही, असं काही असेल तर भाग पाडा. चौघंही वखारीच्या वाईट स्थितीबद्दल तेच सांगणार असतील तर चार तोंडं कशाला? 'मृत्युंजय'मध्ये सगळ्यांची भाषा जवळपास एकाच उंचीवर चालते, शोणही तशीच भारदस्त भाषा बोलतो. तरी भाग वेगळे वाटतात ते प्रत्येकाची जखम वेगळी म्हणून. महाभारतातल्या माणसांना ती भाषा शोभून जाते. वखारीतली बाई आणि व्यापारी एका भाषेत बोलले तर वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक मिटेल.

मलप्रभा

मी खानापूरहून. शाळेत मराठी शिकवत होते, आता घरीच असते. बाळ, तुझा प्रश्न फार आवडला. मी प्रकाश नारायण संतांचा लंपन काढला. ती कादंबरी नाही, कथा आहेत, पण 'वनवास'पासून 'झुंबर'पर्यंत चारही पुस्तकं सलग वाचली की एका मुलाचं वाढणं कादंबरीसारखंच उभं राहतं. आणि ते आपलं आहे. इंदिराबाई संत बेळगावच्या, हे त्यांचे चिरंजीव, ह्याच हवेत वाढलेले.

लंपन आजी-आजोबांकडे राहतो, आई-वडिलांपासून लांब. एखादा लेखक ह्या गोष्टीवर पानंच्या पानं रडला असता. इथे मुलगा आपल्या मनात येईल तसं सांगत सुटतो. मोठ्यांच्या बोलण्यातला निम्मा अर्थ त्याला लागतो, उरलेला निम्मा आपल्याला लागतो. जे त्याला कळत नाही तिथेच आपल्या डोळ्यांत पाणी येतं. तुझ्या भाषेत सांगायचं तर सांगणारा खाली उभा आहे आणि वाचक त्याच्या डोक्यावरून पलीकडचं बघतोय.

वर्गात मुलांना 'माझे बालपण' लिहायला दिलं की ती मोठ्या माणसाच्या शहाणपणानं लिहायची. 'त्या वेळी मला आईच्या कष्टांची जाणीव नव्हती' वगैरे. मी म्हणायचे, अरे, तेव्हा जाणीव नव्हती ना? मग ती आज कशाला घुसवतोस? आई काय करत होती तेवढं लिही.

मार्कंडेयकाठ

काकू, 'त्याच्या डोक्यावरून' हे किती नेमकं सांगितलंत. मुलाला निवेदक करणारे पुष्कळ जण तिथेच घसरतात. मूल एकाएकी पोक्त बोलायला लागतं, कारण लेखकाला धीर नसतो. वाचकाला कळलं नाही तर, ही भीती. लंपनच्या कथांत ती भीती कुठेच दिसत नाही.

अनगोळकर

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. निवेदक, दृष्टिकोन, तंत्र हे सगळं समीक्षकांनी मागाहून लावलेलं असतं. महादेव मोरे निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहीत होते. त्यांना कुणी कार्यशाळेत शिकवलं? ड्रायव्हर, वखारीतले मजूर, गल्लीतली गांजलेली माणसं त्यांनी जवळून पाहिली म्हणून ती कागदावर आली. आधी जगावं लागतं. ज्याच्याकडे अनुभव आहे त्याला तंत्र लागत नाही आणि ज्याच्याकडे नाही त्याला तंत्र शिकून उपयोग नाही.

मार्कंडेयकाठ

काका, राग कसला, तुम्ही महादेव मोऱ्यांचं नाव काढलंत ह्याचा आनंदच झाला. त्यांच्याबद्दल आपल्या भागात जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही.

पण मला त्यांच्या उदाहरणातून उलटं दिसतं. दळण घेऊन माणसं सगळ्याच गिरण्यांत येतात. डबा ठेवतात, नंबर येईपर्यंत थांबतात, बोलतात. तेवढंच ऐकणारे गिरणीवाले आपल्या प्रत्येक गावात आहेत. अनुभव सगळ्यांकडे होता. मोऱ्यांनी त्यातलं काय घ्यायचं, कुठून सुरू करायचं, कुणाच्या तोंडून सांगायचं हे ठरवलं. त्या ठरवण्यालाच मी तंत्र म्हणते. त्यांनी ते कुणाकडून शिकलं असेल तर वाचूनच शिकलं असेल, दुसरा गुरू कुठला?

आणि काका, गिरणी ही जागाच किती चांगली आहे बघा. गिरणीवाल्याला गावातलं सगळं कळतं, पण तुकड्यातुकड्यानं. आज सासू येते, उद्या सून येते, दोघींची बाजू वेगळी. पुढचं काय झालं हे कळायला पुढच्या दळणाची वाट बघायची. मला तर वाटतं आपल्यापैकी कुणाला पहिली कादंबरी लिहायची असेल तर अशी एखादी जागा निवडावी: एसटी कंट्रोलरची केबिन, शिंप्याचं दुकान, दवाखान्यातला केसपेपरचा टेबल.

अनगोळकर

केसपेपरचा टेबल पटला. जगलेलं हवंच ह्यावर मी ठाम आहे, पण जगलेलं निवडायचं कसं ह्यावर बोलत असाल तर बोला, मी वाचतोय.

टिळकवाडीकर

म्हणजे प्रथमपुरुषीच लिहायला हवं का? मला 'तो आला, ती गेली' असंच सुचतं.

मार्कंडेयकाठ

अजिबात नाही. तृतीयपुरुषी लिहिलं तरी प्रश्न तोच राहतो, फक्त लपतो. रणजित देसाईंची 'स्वामी' घ्या, 1962 ची. त्यांचं कोवाड म्हणजे आपल्याला काय, सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत. तिथे 'मी' नाही. पण वाचकाला शेवट इतिहासातूनच ठाऊक आहे: 1772 साली माधवराव पेशवे ऐन तारुण्यात थेऊरला देह ठेवणार आणि रमाबाई सती जाणार. पात्रांना ते माहीत नाही. त्यामुळे दोघं साधं बोलत बसले तरी त्या बोलण्यावर सावली पडते. ऐतिहासिक कादंबरीत पुढे काय होणार ही उत्सुकता नसतेच, तरी पान उलटलं जातं, ते ह्यामुळे.

तृतीयपुरुषीत एक पथ्य पाळा. एका प्रसंगात एकाच माणसाच्या जवळ राहा. नवऱ्याच्या मनात काय आलं, लगेच बायकोच्या मनात काय आलं, मग दारातल्या पाहुण्याच्या मनात काय आलं, असं सगळ्यांच्या डोक्यात शिरलात तर कुणाला कुणाबद्दल संशयच उरत नाही. आणि संशय उरला नाही तर संवाद कशाला करायचे?

धोटा

मी शहापूरचा. घरी माग होता (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन). बरेच महिने एक कादंबरी लिहितोय, पहिलं प्रकरण पुढे सरकत नाही. ताई, तुम्ही परिच्छेद टाका म्हणालात म्हणून सुरुवात देतो:

*शहापूर हे विणकरांचे जुने गाव. इथल्या साड्यांना एकेकाळी मोठी मागणी होती. घराघरातून हातमागांचा आवाज यायचा. पण यंत्रमाग आले आणि हातमाग एकामागून एक बंद पडत गेले. बाबांनी मात्र आपला माग जिद्दीने चालू ठेवला होता. आता तेही थकले होते. त्या दिवशी सकाळी ते मागाजवळ अतिशय उदास बसले होते. त्यांच्या मनात विचारांचे काहूर माजले होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आपल्या डोळ्यांसमोर संपताना पाहून त्यांचे अंतःकरण तुटत होते.*

मोकळेपणाने सांगा.

मार्कंडेयकाठ

धोटा, ह्यात तुमच्या घरचं जे आहे ते मला अजून दिसत नाही, म्हणून विचारते. हे कोण सांगतंय? 'बाबा' म्हणणारा मुलगा आहे की मुलगी? त्या सकाळी ते मूल घरात कुठे होतं, हातात काय होतं? बाबांच्या मनात काहूर माजलंय हे त्याला कसं कळलं?

आपल्याकडे कथाकथनाची सवय कानात इतकी बसलेली आहे की लिहिताना आपण मांडवातल्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं लिहितो. आधी प्रास्ताविक, मग गावाची ओळख, मग बाबांचं दुःख मोठ्या आवाजात. मंचावर ते लागतं, तिथे कथाकाराचा चेहरा आणि आवाज उरलेलं काम करतो. कादंबरीत वाचक एकटाच असतो आणि तुमच्या अगदी जवळ बसलेला असतो.

मागाची माहिती काढून टाका असं मी म्हणत नाही. माहिती अशा माणसाच्या हातात द्या ज्याला तिचं काम आहे. 'बनगरवाडी'त शेकूकडे बैल कमी पडतो आणि दुसऱ्या बाजूला त्याची बायको जू ओढते. तिथे माडगूळकर शेतकऱ्याच्या दारिद्र्यावर भाषण देत नाहीत. माडगूळकर चित्रंही काढायचे, आणि त्यांच्या गद्यात ते कळतं: आधी डोळ्यांना दिसेल ते.

पुन्हा लिहून बघा. एकच अट: बाबांच्या मनात शिरायचं नाही.

मलप्रभा

धोटा, अंतःकरण तुटू देऊ नकोस रे. ते वाक्य काढ. बाकी तुला येतंय.

सीमापाखरू

मी चिकोडीकडचा. माझी अडचण वेगळी आहे. माझ्या गोष्टीत घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत कन्नड, शेतावर दोन्ही. संवाद कन्नडमध्ये लिहिले तर पुण्याचा वाचक अडतो, मराठीत लिहिले तर खोटं वाटतं. आणि निवेदन कोणत्या मराठीत करायचं? आम्ही घरी 'काय करूलास' म्हणतो, 'काय करतो आहेस' कुणी म्हणत नाही.

मार्कंडेयकाठ

निवेदनाची भाषासुद्धा सांगणारा कुठे उभा आहे ह्यावरच ठरते. 'बनगरवाडी'त निवेदन शिकलेल्या मास्तराचं, म्हणून साध्या प्रमाण मराठीत. वाडीतली माणसं बोलतात ती त्यांच्या बोलीत. दोन्हींत ओढाताण होत नाही, कारण मास्तर तसंच बोलणार हे आपण मानलेलं असतं. तुमचा निवेदक गावातच राहिलेला शेतकरी असेल तर सगळी कादंबरी आपल्या बोलीत लिहायला काय हरकत आहे? तो बेळगावात शिकून परत आलेला असेल तर त्याचं निवेदन वेगळं, आईशी बोलणं वेगळं.

कन्नडबद्दल: सगळा संवाद कन्नडमध्ये नको आणि कंसात अर्थही नको. एखादंच वाक्य ठेवा आणि पुढच्या हालचालीतून अर्थ कळू द्या. उदाहरण म्हणून आत्ताच लिहिते:

*"बर्री, कूडरी," म्हणत बसाप्पांनी पोत्यावरची धूळ झटकली. आप्पा बसले. वजनाचा काटा दोघांच्या मधोमध होता.*

कन्नड न येणाऱ्यालाही इथे अडत नाही. आणि तुमच्याकडे ह्यात एक मोठी संधी आहे, जी पुण्यातल्या लेखकाकडे नाही. दोन भाषा असल्या की कुणाला काय कळतं ह्याचे दोन थर आपोआप तयार होतात. घरातल्या नव्या सुनेला कन्नड येत नाही, व्यापारी आणि सासरा तिच्यासमोरच कन्नडमध्ये सौदा करतात. तिला आकडा कळत नाही, सासऱ्याचा चेहरा कळतो. निवेदन तिच्याजवळ ठेवा.

सीमापाखरू

सुनेचं पटलं. आमच्याकडे कोल्हापूर भागातून आलेल्या कितीतरी सुना सुरुवातीला अशाच असतात. आणि त्या वर्षभरात शिकतात, पण सासरच्यांना ते कळू देत नाहीत! हे मी कधी लिहायचं म्हणून बघितलंच नव्हतं.

निपाणीकर

वा! तिला कन्नड कळायला लागलंय हे वाचकाला माहीत आणि सासऱ्याला नाही. अख्खी कादंबरी त्यावर उभी राहील हो.

टिळकवाडीकर

मी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' वाचून आलो. 1939 ची. युरोपातून मुंबईकडे येणारं जहाज, चक्रधर आणि जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू मुलगी हॅर्टा. तुमच्या प्रश्नाबरोबर मला अजून एक सापडलं. मुंबई आली की चक्रधर उतरणार, तिला पुढे जावं लागणार, हे दोघांनाही माहीत आहे. कुणापासून काही लपलेलं नाही. तरीही ताण सुटत नाही, कारण जहाज चालू आहे. रोज मुंबई जवळ येते. म्हणजे माहिती लपवणं हाच एक मार्ग नाही, वेळ संपत जाणं हाही आहे.

मार्कंडेयकाठ

फार मोलाचं सांगितलंत. आणि जहाज ही बंद जागा आहे, कुणालाही निघून जाता येत नाही. मला वाटतं धोटांना हे उपयोगी पडेल. मागावर चढवलेला ताणा, म्हणजे उभे धागे, किती साड्यांचा आहे हे विणणाऱ्याला माहीत असतं. तो संपत जातो.

धोटा

ताई, ताण्याचं वाचून अंगावर काटा आला. हे नवीन. सांगणारी मुलगी आहे, दहावीतली. मी माझ्या बहिणीला डोळ्यांसमोर ठेवलंय.

*सकाळी सुताच्या कांड्या भरायला बसले तेव्हा बाबांचा माग सुरू झाला नव्हता. पलीकडच्या घरातल्या यंत्रमागाची धडधड भिंतीतून येत होती. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. धोटा हातात घेऊन त्याचं टोक अंगठ्यानं तपासत होते.*

*"आज लावत नाही?"*

*"सूत यायचंय."*

*मी कोपऱ्यात बघितलं. काल आलेलं गाठोडं तसंच बांधलेलं होतं. बाबांनी मी बघितलेलं बघितलं.*

*"कांड्या भरून ठेव," ते म्हणाले. "लागतील."*

*मी चरखा फिरवायला लागले. मला फार वाईट वाटलं.*

मलप्रभा

शाब्बास. शेवटचं वाक्य काढ आणि वहीत तारीख घाल. इथून तुझी कादंबरी सुरू झाली.

अनगोळकर

धोट्याचं टोक अंगठ्यानं तपासणं हे घरी माग असल्याशिवाय लिहिता येत नाही. माझं म्हणणं तेच होतं. पण पहिल्या मसुद्यातही घर तेच होतं आणि हे तिथे आलं नव्हतं, हेही खरं.

मार्कंडेयकाठ

काकूंशी सहमत, वाईट वाटल्याचं वाक्य जायला हवं. 'बाबांनी मी बघितलेलं बघितलं' ह्या वाक्याला हात लावू नका. त्या क्षणापासून दोघांनाही माहीत आहे की सूत आलेलं आहे, आणि दोघंही ते बोलत नाहीत. पहिल्या मसुद्यात वाचकाला सगळं सांगून झालं होतं, त्याला विचारायला काही उरलं नव्हतं. इथे तो विचारतो: मग माग का लावत नाहीत? आणि लागणार नसतील तर कांड्या कशाला भरायला सांगतात?

यंत्रमाग आले, हातमाग बंद पडत गेले, तुमची ती सगळी माहितीही आली बघा, भिंतीतून येणाऱ्या धडधडीत. एवढी पुरे. मागणी घटल्याचं वगैरे पुढे सूत देणारा सावकार मजुरीचा हिशेब करायला येईल तेव्हा त्याच्या तोंडी येऊ द्या, कारण मजुरी कमी देण्यासाठी त्याला ते सांगणं गरजेचं आहे.

आता दुसऱ्या प्रकरणाआधी एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि त्यापुढे, ह्या सकाळी त्याला काय माहीत आहे ते लिहा. आई? भाऊ? हा कागद वाचकाला दाखवायचा नाही, तुमच्यापुरता.

धोटा

लिहायला बसलो आणि भावापाशी थांबलो. तो वडगावात यंत्रमागावर कामाला जातो. त्याला माहीत आहे. माग विकायचा सौदा झालेला आहे, गिऱ्हाईक त्यानंच आणलंय, लाकडाच्या भावात. बाबांनी होकार दिलाय, फक्त चढवलेला ताणा संपेपर्यंत थांबा म्हणालेत. आईला ह्यातलं काही माहीत नाही. मुलीला सूत दिसलंय, एवढंच.

निपाणीकर

म्हणून माग लावत नाहीत! विणलं तर ताणा संपेल.

धोटा

होय. आणि मुलगी रोज विचारणार, आज लावत नाही?

मार्कंडेयकाठ

मग तिला हे कुणाकडून कळणार? भाऊ स्वतः सांगेल असं मला वाटत नाही. आईला आधी कळलं तर गोष्ट वेगळीकडे जाईल. माग बघायला येणारा तो माणूस दुपारी येऊ शकतो, बाबा घरात नसताना, आणि ती एकटी कांड्या भरत असताना. तो तिला पाणी मागेल आणि टेप काढून मागाची लांबी मोजायला लागेल. हे एक लिहून बघा. रविवारपर्यंत इथे टाका, काकू आणि मी दोघी वाचतो.